डिपस्टिकवरची खाच

“ही तिसरी खूण कोणी केली?”

विमा कंपनीचे सर्व्हेअर कर्णिक यांनी डिपस्टिक उचलून खिडकीच्या उजेडात धरली. हातभर लांबीची पोलादी पट्टी, इंजिनात तेल किती आहे ते पाहायची. टोकाजवळ कारखान्याच्या दोन रेघा होत्या. वरची रेघ पूर्ण भरल्याची, खालची किमान तेलाची. आणि त्या दोहोंच्या मध्ये, खालच्या रेघेच्या अगदी जवळ, कानशीने घासून पाडलेली एक खाच.

“मीच केलंय,” भिकाजी मेथर म्हणाले.

“कशाला?”

“कारखान्याची खूण खोटी आसा म्हणान.”

सोसायटीच्या सभागृहात कोणीतरी हसलं. चाळीस-पन्नास माणसं दाटीवाटीने बसली होती, काही भिंतीला टेकून उभी होती. पण भिकाजीकाकांच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. उभं राहून पाय दुखले तरी त्यांवर कोणी बसत नव्हतं.

माझ्या शेजारी आमचे गुळवणी साहेब बसले होते. ते कारखान्याचे वर्क्स मॅनेजर. त्यांनी माझ्याकडे किंचित झुकून हलक्या आवाजात म्हटलं, “ऐकलंत? खूण खोटी.” मग उठून, शर्टाच्या बाह्या सारख्या करत, त्यांनी सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की या एका खाचेतच सगळं उत्तर आहे. खूण खाली आणली की कमी तेल भरूनही ‘भरलं’ असं लिहिता येतं. उरलेलं तेल कुठे गेलं, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. गावात दुसऱ्या बोटी आहेत, त्यांनाही तेल लागतं. कमी तेलावर इंजिन पळवलं, ते जाम झालं. यात इंजिनाचा काय दोष?

भिकाजीकाका जागचे हलले नाहीत. “चोरूचाच असता तर डिझेल चोरलंय असतंय,” ते म्हणाले. “ह्या तेलाक कोण विचारता?”

या वेळी कोणी हसलं नाही.

हे १९९४ च्या नोव्हेंबरातलं. मी कोल्हापूरच्या त्या कारखान्यात तिसऱ्या वर्षाला होते. इंजिनिअर म्हणून कामाला असलेली एकटीच बाई. आम्ही ट्रकची डिझेल इंजिनं घेऊन ती बोटींसाठी बदलून द्यायचो. कातळबंदरच्या मच्छीमार सोसायटीने वादळात सापडलेल्या होड्यांना आणायला एक वेगवान बचावबोट बांधून घेतली, तिचं इंजिन आमचं होतं. भिकाजीकाका त्या बोटीचे ड्रायव्हर. ऑक्टोबरातल्या वादळात एक ट्रॉलर बुडायला लागला म्हणून ते निघाले. खाडीच्या तोंडापासून पुढे वीस मिनिटं त्यांनी इंजिन फुल ठेवलं आणि इंजिन जाम झालं. बचावबोट स्वतःच वाहत जाऊन खडकांवर लागली. ट्रॉलरवरच्या सहा जणांपैकी चार जण तरंगत किनाऱ्याला आले. दोघे मिळाले नाहीत. त्यातला एक भिकाजीकाकांच्या कुंपणापलीकडच्या घरातला होता.

तेव्हापासून त्यांच्या घरी कोणी जात नव्हतं. चौकशीत चोरी ठरली असती तर त्यांचं लायसन्स जाणार होतं. पण त्यांच्याकडे पाहून वाटत होतं की त्यांना लायसन्सची नाही, त्या रिकाम्या खुर्च्यांची चिंता आहे.

मला गुळवणी साहेबांनी एवढ्याचसाठी आणलं होतं की आमच्या टेस्ट रिपोर्टवर माझी सही होती. पहाटे कोल्हापूरहून निघालो तेव्हा जीपमध्ये त्यांनी मला नीट समजावलं होतं. फक्त रिपोर्ट वाचून दाखवायचा. बारा तास फुल लोड, तेलाचा दाब कुठेही उतरला नाही, संपलं. आपलं मत विचारलं तर मत द्यायचं नाही, कारण आकड्यांना मत नसतं. घाट उतरताना ते म्हणाले, “तुमच्यासारखी काटेकोर मुलगी आमच्याकडे आहे, हे त्या लोकांना दिसू दे.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला ते कौतुक वाटावं अशी त्यांची अपेक्षा होती.

काटेकोर मी होतेच. टेस्ट बेंचवर इंजिन चढवलं की मी पाणसळ ठेवायचे. बुडबुडा अगदी मधोमध येईपर्यंत बेंचच्या पायांचे स्क्रू फिरवायचे. फिटर लोक गमतीने म्हणायचे, इंगळे मॅडमच्या बेंचवर गोटी ठेवली तर दिवाळीपर्यंत तिथेच राहील.

चूक तिथेच होती, आणि ती मला ठाऊक होती.

इंजिनाच्या तळाशी तेल साठवणारं एक पसरट भांडं असतं. ड्रॉइंगवर त्याला ऑइल पॅन म्हणतात, गॅरेजमध्ये चेंबर. ट्रकच्या चेंबरचा खोलगट भाग पुढच्या बाजूला होता आणि तेल ओढून घेणारी जाळीही तिथेच, पुढे. ट्रकमध्ये इंजिन जवळजवळ सपाट बसतं, म्हणून ते ठीक. बोटीत पंख्याचा दांडा मागे उतरत जातो, त्यामुळे इंजिनही मागे कललेलं बसवावं लागतं. त्यात बोट वेगाने निघाली की तिचं नाक वर उचललं जातं. तेल मागे धावतं, जाळी पुढे कोरडी पडते. बोटीसाठी चेंबर निवडायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी तीन पर्याय मांडले होते. ट्रकचाच चेंबर, तोच, पण तेल धावू नये म्हणून आत आडव्या पट्ट्या घालून, किंवा नवा ओतून घ्यायचा: खोलगा मागे, जाळी मागे, पट्ट्या आतून, चार लिटर तेल जास्त. शेवटी लिहिलं होतं, तिसराच घ्यावा. पहिला या बोटीला चालणार नाही.

गुळवणी साहेबांनी तो कागद वाचायला दोन मिनिटंही घेतली नव्हती. नवा चेंबर ओतायला आधी लाकडी पॅटर्न हवा, फाउंड्रीत नंबर लावायला हवा, म्हणजे तीन महिने. बोट नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरायची होती. पाहुणे ठरले होते, मांडव ठरला होता. त्यांनी विचारलं, “आहे तो चेंबर बेंचवर चालतो ना?” मी म्हटलं, बेंच सपाट आहे. ते म्हणाले, “मग प्रश्न कुठे आहे?”

मी बेंच सपाट केला, इंजिन बारा तास चालवलं आणि सही केली.

आता सभागृहात कर्णिकांनी मला उभं राहायला सांगितलं. मी रिपोर्ट वाचला. आकडे सगळे खरे होते. वाचून झाल्यावर गुळवणी साहेबांनी समाधानाने मान हलवली. सोसायटीचे चेअरमन मोंडकर म्हणाले, “म्हणजे इंजिनात खोट नव्हती.” त्यांचा आवाज तुटक होता. बुडालेल्यांपैकी एक त्यांच्या नात्यातला होता.

कर्णिकांनी भिकाजीकाकांना शेवटचं विचारलं. इंजिनाबद्दल काही तक्रार होती तर कंपनीला कधी कळवली का?

काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “सांगूचा थय सांगितलंय.”

“आमच्या दप्तरी एकही तक्रार नाही,” गुळवणी साहेब म्हणाले.

कर्णिकांनी पेनाचं टोपण काढलं. ते काय लिहिणार हे सगळ्यांना दिसत होतं. आणि तेव्हा गुळवणी साहेबांनी ती डिपस्टिक दोन बोटांत उचलली, घाण वस्तू उचलावी तशी, आणि म्हणाले, “शिकलेला माणूस मोजतो. अडाणी माणूस खुणा करतो.”

मी त्यांच्याकडे पाहिलं. दीड वर्षापूर्वी इंजिन बसवायला मी दहा दिवस कातळबंदरला होते आणि भिकाजीकाकांच्याच घरी जेवत होते. पहिल्या दिवसापासून ते मला ‘बाय’ म्हणत आणि एकेरी हाक मारत. त्या दहा दिवसांत त्यांनी इंजिनाला घातलेला तेलाचा एकेक थेंब मापाने घातलेला मी पाहिला होता. दुधाचं लिटरचं माप त्यांनी त्यासाठी घरून आणलं होतं. त्यावरून काकींनी त्यांना सगळ्या आळीसमोर झापलं होतं.

“कर्णिक साहेब,” मी म्हणाले, “त्यांना विचारा ना, खूण कशी केली.”

गुळवणी साहेब मला बसायला सांगत होते. कर्णिकांनी हात वर करून त्यांना थांबवलं आणि काकांकडे वळले.

“चेंबर रिकामो केलंय,” काका म्हणाले. “चवदा लिटर मोजून ओतलंय. पुस्तकात चवदाच लिवलेला आसा. बोट पाण्यार होती. मगे काडी घालून बघलंय. तेल जयसर इला, थयसर खाच मारलंय.” ते पुढे म्हणाले, “वरच्या रेघेपर्यंत भरूक गेलंय तर वीस लिटर जाता. मगे इंजिन तेल ओकता.”

“हे सिद्ध करता येईल,” मी म्हणाले. “चेंबर इथेच आहे.”

तो खरंच तिथे होता. पुरावा म्हणून उतरवलेलं सगळं सामान कोपऱ्यात मांडलं होतं. चेंबर, तेल ओढायची जाळी, काळवंडलेली बेअरिंगं. डिपस्टिकची नळी चेंबरच्याच अंगाला बसवलेली होती, त्यामुळे इंजिन नसतानाही पट्टी तिच्या जागी घालता येत होती. मी मोंडकरांकडे चार फुटी फळी, जांभ्या दगडाचा एक चिरा, चिऱ्याचा एक तुकडा, लिटरचं माप आणि तेल मागितलं. ते माझ्याकडे बघतच राहिले. मग त्यांनी कोणाला तरी खूण केली.

गुळवणी साहेब उठले. ही चौकशी आहे, शाळेतली प्रयोगशाळा नव्हे, असं म्हणाले. कंपनीच्या वतीने त्यांनी परवानगी दिलेली नाही. मी कोणाच्या वतीने बोलते आहे, हे मी आधी सांगावं.

“मोजमापाच्या,” मी म्हणाले.

कर्णिकांनी पेनाचं टोपण परत लावलं आणि खुर्ची पुढे ओढली.

टेबलावर फळी, फळीवर चेंबर. पर्समधून मी माझी छोटी पाणसळ काढली आणि बुडबुडा मधोमध आणला. चौदा लिटर तेल मोजून ओतलं. माप मोंडकरांच्या हातात दिलं होतं, मोजणी त्यांनीच मोठ्याने केली. डिपस्टिक घालून काढली आणि कर्णिकांना दाखवली. तेल बरोबर वरच्या रेघेवर होतं.

“बघा,” गुळवणी साहेब म्हणाले. “कंपनीची खूण.”

“ही बेंचवरची,” मी म्हणाले. “आता धक्क्याला बांधलेली बोट.”

फळीच्या पुढच्या टोकाखाली चिरा सरकवला. सात इंच उंची, चार फूट लांबी. म्हणजे आठ अंश. आमच्याच ड्रॉइंगवर इंजिन आठ अंश कललेलं दाखवलेलं होतं. तेल संथपणे मागे सरकलं. ते स्थिर होईपर्यंत मी थांबले. मी पट्टी पुसली, घातली, काढली.

तेल खाचेवर होतं. खाचेच्या वरही नाही, खालीही नाही.

कर्णिकांनी पट्टी माझ्या हातातून घेतली. खिशातून भिंग काढून पाहिलं. मग ती त्यांनी मोंडकरांना दिली, मोंडकरांनी मागच्याला. ती हातोहात सभागृहभर फिरली. माणसं बोट खाचेवर ठेवून बघत होती. भिकाजीकाका मात्र मान खाली घालून बसले होते. त्यांना त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

“यातून एवढंच ठरतं की तेल पुरेसं होतं,” गुळवणी साहेब घाईने म्हणाले. “मग तर इंजिन त्याच्या चालवण्याने गेलं.”

“अजून झालेलं नाही,” मी म्हणाले.

तेलाची जाळी मी तारेने एका पट्टीला बांधली आणि चेंबरमध्ये तिच्या नेहमीच्या उंचीला टांगली. ती तेलात बुडाली. मग मोंडकरांना चार लिटर तेल काढायला सांगितलं.

“तेल का काढता? ही लबाडी आहे,” गुळवणी साहेब म्हणाले.

“चालू इंजिनात चार लिटर तेल वर फिरत असतं, साहेब. आपल्या मॅन्युअलच्या अकराव्या पानावर आहे.”

पान उघडून पाहायला कर्णिकांनी अर्धं मिनिट घेतलं. त्यांनी मान हलवली. मी चिऱ्यावर चिऱ्याचा तुकडा ठेवला. चौदा अंश. पूर्ण वेगात बोटीचं नाक उचललं की इंजिन निदान तेवढं कलतं.

तेल मागच्या उथळ भागात जाऊन साचलं. पुढे जाळी उघडी पडली. तिच्या टोकावरून तेलाचे दोन-तीन थेंब खाली टपटपले आणि थांबले.

मागे उभ्या असलेल्यांना दिसत नव्हतं म्हणून ते पुढे आले. सगळे टेबलाभोवती उभे राहून त्या कोरड्या जाळीकडे बघत होते. कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, “म्हणजे पयल्या दिसापास्न.”

“पहिल्या दिवसापासून,” मी म्हणाले. “जितकं जोरात जाल तितकं लवकर. बेंच सपाट होता, म्हणून कळलं नाही.” मग तीन पर्यायांच्या माझ्या कागदाची कार्बन प्रत पर्समधून काढून मी कर्णिकांसमोर ठेवली. शेवटचं वाक्य त्यांनी वाचलं. खालची तारीख वाचली.

गुळवणी साहेब फक्त एवढंच म्हणाले, “याचा परिणाम तुम्हाला माहीत आहे.” मला माहीत होता.

कर्णिकांनी लिहायला घेतलं तेव्हा मोंडकर सावकाश चालत गेले आणि भिकाजीकाकांच्या उजवीकडच्या रिकाम्या खुर्चीवर बसले. थोड्या वेळाने डावीकडचीही भरली.

मी बाहेर आले. हात तेलाने माखले होते म्हणून धक्क्यावरच्या नळापाशी गेले. पाण्याने तेल जात नव्हतं. भिकाजीकाका मागून आले. त्यांनी वाळूची मूठ माझ्या हातावर ठेवली आणि मी हात चोळेपर्यंत उभे राहिले.

“बाय,” ते म्हणाले, “एक विचारू? माजा कार्ड गावलेला तुका?”

दीड वर्षापूर्वी कातळबंदरहून निघताना, काही वाटलं तर कळवा म्हणून, मी त्यांना कारखान्याचा पत्ता लिहून दिला होता. पोस्टकार्ड वादळाआधी तीन महिने, जुलैमध्ये आलं होतं. अक्षर शाळकरी, ओळी सरळ. “इंगळे बाय यांस. फुल मारल्यावर दाबाचा काटा खाली येतो. हाफला आणल्यावर वर जातो. तेल बरोबर आहे, मोजलेले आहे. पावसाळ्यानंतर एकदा येऊन बघून गेलीस तर बरे. काकी आठवण काढते.”

मी ते गुळवणी साहेबांसमोर ठेवलं होतं. त्यांनी कोपऱ्यावर पेन्सिलीने लिहिलं, ‘ऑपरेटरला मॅन्युअल पाठवा.’ मी मॅन्युअल पाकिटात घातलं, पत्ता लिहिला, तिकिटं चिकटवली. सोबत माझ्या हाताची एक ओळही घातली नाही. पोस्टकार्ड फाइलला लावलं नाही. माझ्या खणात राहिलं.

“मिळालं होतं,” मी म्हणाले.

“मगे ता पुस्तक तू धाडलंस?”

“हो.”

ते खाडीकडे बघू लागले. ओहोटी होती. बचावबोट अजून खडकांपाशी एका कुशीवर पडली होती, तिचा पत्रा उन्हात चमकत होता.

“मी समाजलंय, पोस्टात हरावला,” ते म्हणाले. “म्हणान थय बोलाक नाय. उगाच तुज्या नावार नको.”

मी हातावरची वाळू धुतली तोवर ते सभागृहाकडे परत गेले होते.

माझी नोकरी त्याच महिन्यात गेली. गुळवणी साहेब पुढच्या वर्षी संचालक झाले. कंपनीच्या नव्या माहितीपत्रकात, खास सागरी वापरासाठी आमच्या संशोधनातून विकसित केलेला ऑइल पॅन, असं छापून आलं. चित्र माझ्या तिसऱ्या पर्यायाचं होतं. खोलगा मागे, पट्ट्या आत, चार लिटर जास्त. मी ते माहितीपत्रक वाचून फाडलं, आणि ते फाडल्याचा मला अजूनही पश्चात्ताप नाही.

तोच चेंबर दुरुस्त केलेल्या बचावबोटीला बसवला गेला तेव्हा मोंडकरांनी मला चाचणीसाठी बोलावून घेतलं. मार्चचा महिना, निवळ हवा. भिकाजीकाका बोटीत उभे होते. लायसन्स त्यांच्या खिशात होतं, धक्क्यावर अर्धं गाव जमलं होतं. मी फळीवर पाय ठेवला तसा त्यांनी आधाराला हात पुढे केला.

“मॅडम, पाय सांभाळून ठेवा.”

खाडीबाहेर त्यांनी इंजिन फुल केलं. बोटीचं नाक उचललं. मी चाळीस मिनिटं दाबाच्या काट्याकडे बघत बसले. तो हलला नाही. परतल्यावर काकींनी जेवायला थांबवून घेतलं, मासे वाढले, आग्रह केला. काका समोर बसून जेवले, चेंबरबद्दल मी विचारलं त्याची नीट उत्तरं दिली.

पुढे नऊ वर्षं, ते होते तोवर, मी दर मार्चला कातळबंदरला जात राहिले. दर वेळी ते धक्क्यावर यायचे, माझी बॅग घ्यायचे आणि विचारायचे, “मॅडम, प्रवास ठीक झाला ना तुमचा?”